चौथी ओळ

सकाळी जाग येते तेव्हा माझ्या डोक्यात कुठलं ना कुठलं गाणं आधीच सुरू असतं. ते मी निवडत नाही. कधी जुनं भावगीत, कधी वरातीतल्या बँडचं, एकदा तर सलग तीन दिवस साबणाची जाहिरात. गेली वीस वर्षं मी ते वहीत टिपून ठेवते. तारीख, गाणं, आणि दिवसभरात तेच पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकू आलं तर त्या माणसाचं नाव-गाव. ज्ञानेश्वर, म्हणजे माझे यजमान, या वहीला गाण्यांचं हजेरीपुस्तक म्हणतात. म्हणोत बापडे. लोक स्वप्नं लिहितात, त्यापेक्षा हे बरं.

मी जळगावात एका खासगी दवाखान्यात कानांची तपासणी करते. काचेच्या बंद खोलीत पेशंटला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. आतला माणूस काही बोलला तर छोट्या माइकमधून मला ऐकू येतं. या कामात एक गोष्ट पक्की कळते. माणसं अनेकदा आवाज सोडलेला नसतानाही बटण दाबतात, आणि शपथेवर सांगतात की ऐकू आला. म्हणून ऐकण्याच्या बाबतीत मी कोणावर पटकन विश्वास ठेवत नाही. स्वतःवरही नाही.

हितेंद्र माझा धाकटा भाऊ. आम्ही त्याला हितू म्हणायचो. नरडाण्याला कारखान्यात होता. शनिवारी सुटला की मोटारसायकलनं धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव करत असोद्याला घरी यायचा. त्याची स्वतःची एक चाल होती, बिनशब्दांची, चार ओळींची. तीन ओळी तो कुठेही गुणगुणायचा, आंघोळीला, जेवताना, गाडी पुसताना. चौथी मात्र राखून ठेवायचा. दाराशी आला की मोठा श्वास घ्यायचा आणि उंबरठा ओलांडता ओलांडता चौथी ओळ म्हणायचा. लहानपणी निंबावरून पडून त्याच्या नाकाचं हाड वाकडं झालं होतं, त्यामुळे तो श्वास बारीक शिटीसारखा वाजायचा. आई चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, "आला माझा वाजंत्री."

बारा वर्षांपूर्वी एका शनिवारी तो निघाला आणि घरी आला नाही. मोटारसायकल नरडाणा स्टेशनाबाहेर सापडली, किल्ली तशीच लावलेली. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, नवससायास झाले. त्यानंतर आईनं घराला एकदाही कुलूप लावलेलं नाही. चौऱ्याहत्तरीची बाई, दोनदा न्हाणीत पडली, तरी माझ्याकडे जळगावला राहायला यायचं नाव काढत नाही. "तो आला आन् त्याले कुलूप दिसलं तं?" एवढंच विचारते. खरं सांगते, मला तिचा राग यायचा. हितूचा त्याहून जास्त यायचा.

यंदा गुढीपाडव्याला तोतारामनाना, माझे काका, आईसमोर येऊन बसले. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात. उंबरठा धुवायचा, त्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं आणि दर बोटाला गेलेल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं. नानांनी विषय काढला, "वयनी, बारा वर्सं झाले. हितूच्या नावाचं बोट लावा लागते आता. पोरगं तहानेलं फिरू राहिलं असीन."

आई खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. मी बोलले. म्हटलं, नाना बरोबर सांगताहेत. हितूच्या तहानेवर माझा विश्वास नव्हता. माझं गणित साधं होतं. एकदा त्याचं नाव उंबरठ्यावर गेलं की आई वाट बघायची थांबेल, आणि ती थांबली की दाराला कुलूप लागेल.

पाच दिवसांनी दवाखान्यात नथ्थू नावाचे एक म्हातारे आले. गाव नरडाणा. दोन्ही कान जवळजवळ गेलेले. हेडफोन चढवून मी बाहेर आले आणि पहिला आवाज सोडायच्या आत माइकमधून गुणगुणणं ऐकू आलं. हितूच्या चालीची पहिली ओळ. तीच, शेवटी किंचित खाली घसरणारी.

मी आत जाऊन त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, बाबा, हे गाणं कुठलं?

"मी कधय गाणं म्हनं, बाई?" ते गोंधळून म्हणाले. "माले ते मन्हा आवाजबी ऐकाले येत नही."

त्यांच्यासोबत आलेली सूनही म्हणाली की सासरे कधी गात नाहीत. मी मनाशी उत्तर तयार केलं. त्या भागातली एखादी जुनी चाल असणार, हितूनं तिथेच उचलली असणार आणि आमच्यासमोर स्वतःची म्हणून मिरवली असणार. तेवढा लबाड तो होताच. वहीत लिहिलं, नथ्थू, नरडाणा, पहिली ओळ.

त्यानंतरच्या आठवड्यात धुळ्याची एक शाळकरी मुलगी आली, मेघा. कान फुटलेला. आत बसून पाय हलवत तिनं पहिली ओळ म्हटली आणि दुसरीत शिरली. बाहेर आल्यावर विचारलं तर माझ्याकडे बघत राहिली. "मी तर गप्पच होते, मॅडम." मग पारोळ्याचे एक निवृत्त मास्तर, पूर्ण दोन ओळी. मग एरंडोलची एक बाई, अडीच. कोणालाच माहीत नव्हतं की आपण काही गुणगुणलो.

आता मला झोप नीट येईना. सकाळी डोक्यात गाणं नसायचं. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. जाग यायची ती एकदम, कोणी हाक मारल्यासारखी, आणि मी अंथरुणात बसून पंख्याची घरघर ऐकत राहायची. भाजी चिरताना, स्कूटर चालवताना, आलेख भरताना कान सारखे दुसरीकडेच असायचे. तेलाची फोडणी तडतडली तरी दचकायची. दुसऱ्यांचे कान तपासणारीनं स्वतःचे तपासून घेतले, दोन्ही ठणठणीत निघाले.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी ज्ञानेश्वर आरशासमोर दाढी करत होते आणि मी चहा गाळत होते. तेव्हा त्यांच्या तोंडून ती चाल आली. पहिली, दुसरी, तिसरी. तिसरी संपली आणि ते थांबले.

"अहो, बंद करा ते!" मी इतक्या जोरात ओरडले की गाळणी ओट्यावरून खाली गेली.

ते साबणाच्या फेसासकट बाहेर आले. "काय बंद करू? नळ? मी दाढी करतोय, सुलक्षणा."

हितूची चाल त्यांनी पूर्वी ऐकली असेल, आठवली असेल. मी वही उघडली आणि लिहिलं, ज्ञानेश्वर, जळगाव, तीन ओळी. लिहून झाल्यावर सहज वरच्या नोंदींवर नजर गेली. नरडाणा, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव.

तो घरी यायचा तो रस्ता. याच क्रमानं.

मी खाली पडलेली गाळणी उचलून धुतली. मग स्वतःला समजावलं. आमच्या दवाखान्यात येणारे पेशंट याच गावांचे असतात, दुसरीकडून कुठून येणार? मोटारसायकलनं तीन तासांचा रस्ता कोणी महिनाभर चालत बसतं का? आईला यातलं काही सांगायचं नाही हे मी तेव्हाच ठरवलं. सांगितलं असतं तर तिनं बोट लावू दिलं नसतं. हे मला तेव्हा कळत होतं, हे मी इथे स्पष्ट लिहिते.

आखाजीला असोद्यात पोचले तेव्हा अकरा वाजले होते आणि ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. घरात पुरणाचा आणि आमरसाचा वास. घागर भरून ठेवलेली, तिच्यावर टरबूज, बाजूला सांजोऱ्या. गल्लीच्या टोकाला निंबाला झोका बांधला होता, माहेरी आलेल्या मुली त्यावर आखाजीची गाणी म्हणत होत्या. नानांचा मुलगा प्रेमराज सुरतेला असतो. पुढे आपल्यालाच हे करायचं म्हणून नावांचा क्रम रेकॉर्ड करून पाठव, असं त्यानं मला बजावलं होतं. मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दाराबाहेरच्या दिव्याच्या कोनाड्यात फोन ठेवला.

आई उंबरठ्याशी बसली. शेजारी नाना, मी तिच्या पाठीशी. तिनं बोट कुंकवात बुडवून टेकवलं. "अमृत." माझे आजोबा. मग आजीचं नाव. मग, "भाईदास." माझे वडील. प्रत्येक बोटानंतर पाण्याचे चार थेंब.

चौथ्या बोटाला तिचा हात कुंकवाच्या वाटीवर थांबला.

"लाव, वयनी," नाना म्हणाले.

ती दाराबाहेर बघत होती. अंगणात पांढरं ऊन. कोणी नव्हतं.

तेवढ्यात मला कळलं की झोक्यावरच्या मुलींचं गाणं बदललंय.

पहिली ओळ. सगळ्या जणी मिळून, शब्दांशिवाय.

दुसरी.

आईनं माझं मनगट धरलं. "सुले, थांब. तो येऊ दे आधी."

"पोरी गाऊ राहिल्या, वयनी. सनाचा दिवस हाये," नाना म्हणाले. त्यांना त्यात काही वेगळं ऐकू येत नव्हतं.

तिसरी ओळ सुरू झाली. ती गल्लीच्या टोकाला राहिली नव्हती. अंगणाच्या फाटकापाशी होती. मग तुळशीपाशी.

मला भीती वाटली. भावाची नव्हे. त्याच्या येण्याची. बारा वर्षांनी, कसा, कोण होऊन येईल त्याची. मी आईच्या हातातून हात सोडवला, बोट कुंकवात बुडवलं आणि उंबरठ्यावर दाबलं.

"हितेंद्र."

शांतता झाली. मुलीही गप्प. फक्त झोक्याच्या दोराची करकर.

आई रडली नाही. पाण्याचे चार थेंब तिनं स्वतः टाकले, उठली आणि नानांना जेवायला वाढलं. संध्याकाळी मी झोक्यापाशी जाऊन मुलींना विचारलं, दुपारी मध्येच ती बिनशब्दांची चाल कोणती म्हणत होता? त्या एकमेकींकडे बघून हसल्या. "आत्या, आम्ही तं पूर्ण टाइम झोक्याचंच गाणं म्हणत व्हतो."

मला हवं होतं ते सगळं झालं. आठ दिवसांनी आईनं आपल्या हातानं घराला कुलूप लावलं आणि माझ्याकडे राहायला आली. ज्ञानेश्वर तिला औषधं वेळेवर देतात. सकाळी माझ्या डोक्यात पुन्हा गाणी वाजतात, भावगीतं, जाहिराती, काहीही. नरडाण्याचे, धुळ्याचे पेशंट येतात आणि मुकाट बसून बटण दाबतात. आई दिवसभर खिडकीत बसते. परवा मी चहा दिला तेव्हा तिनं विचारलं, "सुले, तुले तव्हा ऐकू आलं व्हतं ना?" मी नाही म्हटलं. तिनं चहा घेतला. कप रिकामा होईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.

प्रेमराजला रेकॉर्डिंग पाठवायचं राहूनच गेलं होतं. त्यानं आठवण केली म्हणून काल दुपारी दवाखान्यात, पेशंट नसताना, मी ते तपासणीच्या हेडफोनवर ऐकलं. वाटीचा आवाज आहे. आईनं घेतलेली नावं आहेत. मागे लांबवर मुलींचं झोक्याचं गाणं आहे, शब्दांसकट, शेवटपर्यंत तेच. हितूची चाल कुठेही नाही. नाना म्हणतात लाव, वयनी. आई म्हणते थांब. मला बरं वाटायला लागलं. म्हणजे मीही आवाज नसताना बटण दाबणाऱ्यांतली निघाले.

मग माझं बोट टेकायच्या जरा आधी, फोनच्या अगदी जवळ, आमच्या कोणाच्याही आवाजापेक्षा जवळ, कोणीतरी श्वास घेतो. मोठा, नाकातून, बारीक शिटी वाजते.

त्यावर माझा आवाज येतो. हितेंद्र.

पुढे सात मिनिटं रेकॉर्डिंग चालू आहे. मी ते आवाज वाढवून चार वेळा ऐकलं. तो श्वास सोडल्याचं त्यात कुठेच नाही.