अकरा नंबरचा बाळ्या

टिटवी वाघेरीच्या धावपट्टीवर उभी होती. टिटवी म्हणजे नानांचे दोन आसनांचे, विजेवर चालणारे छोटे विमान. चाके जमिनीवर, चाकांना अडण म्हणून दगड, आणि आत मांडीवर पेटी घेऊन बसलेली केतकी. विमान धावपट्टीवर आहे याबद्दल कोणाला शंका येण्याचे कारणच नव्हते. फक्त मास्तरांना ते मान्य नव्हते. मास्तरांच्या पडद्यावर टिटवी शेजारच्या पपईच्या बागेत उभी होती.

"नाना, मास्तरांनी आपल्याला पपया तोडायला नेलंय," केतकी म्हणाली.

"आत्ताच उठलेत ते. डोळे चोळू देत जरा," नाना म्हणाले आणि दाराची कडी तपासू लागले.

खरे तर नाना असे कोडे सोडून देणारे गृहस्थ नव्हेत. एरवी त्यांनी पपईच्या बागेवर अर्धा तास व्याख्यान दिले असते. पण केतकीने त्याचा फार विचार केला नाही, कारण मांडीवरच्या पेटीत गिधाडाचे अंडे होते.

गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. आदल्या दिवशीच्या वाऱ्याने वाघेरीचा उंच अर्जुनवृक्ष पाडला, घरटे गेले आणि हे अंडे तेवढे खालच्या झुडपात अडकून वाचले. ते उबवायचे यंत्र मोरधारच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावर होते, गिधाड संवर्धन केंद्रात. घाटातून गाडीने गेले तर दिवस मोडणार. विमानाने गेले तर तासाभराच्या आत पोचता येणार. पेटी अंड्याला ऊब देत होती, पण तिची बॅटरी जेमतेम मोरधारपर्यंत पुरेल अशी होती. पेटीवरचा दिवा हिरवा असेपर्यंत ठीक, पिवळा झाला की ऊब उतरू लागली असे समजायचे. आणि सकाळीच केतकीने पेटीला कान लावला होता, तेव्हा आतून टक्, टक् असा आवाज आला होता. आत कोणीतरी जागे झाले होते.

नाना म्हणजे केतकीच्या आईचे वडील, डॉक्टर वामन टिपणीस. त्यांनी जन्मभर उपग्रहांसाठी अणुघड्याळे (अणूंच्या अतिशय नियमित कंपनांवर चालणारी, लाखो वर्षांत एखादा सेकंद चुकणारी घड्याळे) बनवली. मास्तर म्हणजे टिटवीच्या दर्शनी फळीवरचा बोलका डबा. त्याचा अर्धा भाग रस्ता दाखवायचा, अर्धा भाग रेडिओ होता, आणि तो कोणाचीही चूक पोटात घालत नसे, म्हणून मास्तर.

टिटवीत एक रीत होती. डब्याचे जे बटण दाबायचे ते मोठ्याने सांगून दाबायचे, आणि दुसऱ्याने ते तसेच्या तसे परत म्हणायचे. नानांचे हात दांड्यावर असत, म्हणून मास्तरांची बटणे केतकीकडे.

"मुक्काम मोरधार," केतकी बटण दाबत म्हणाली.

"मुक्काम मोरधार," नाना म्हणाले. दगड निघाले, पंखा गुणगुणला आणि पपईची बाग खाली राहिली.

थोडे वर गेल्यावर मोरधारला कळवायचे होते. केतकीने रेडिओवर मोरधारची वारंवारता (लहरी सेकंदाला किती वेळा हेलकावतात तो आकडा, म्हणजे रेडिओवरचा पत्ताच) लावली आणि ऐटीत म्हणाली, "मोरधार, मोरधार, टिटवी बोलतेय. अंडं घेऊन निघालोय."

"ताई, मी अजून वाघेरीच आहे," धावपट्टीवरचे भिकाजीराव म्हणाले. "अंड्याचं मघाशीच ऐकलं. चहा राहिला होता का?"

केतकीचे कान लाल झाले. नाना इतके हसले की टिटवीही जरा डुलली.

"अगं, रेडिओला दोन खिडक्या आहेत बघ. डावीकडची चालू, उजवीकडची राखीव. तू आकडा फिरवतेस तो नेहमी राखीव खिडकीत जातो, म्हणजे बोलणं मध्येच तुटत नाही. मग ते दोन बाणांचं बटण दाबलं की खिडक्यांची अदलाबदल होते. नुसतं लिहून कोणी ऐकत नाही, बाण दाबावा लागतो."

"आधी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर विसरली असतीस. आता जन्मात विसरणार नाहीस."

केतकीने बाण दाबला. ते मोठ्याने सांगितलेसुद्धा, जरा जास्तच मोठ्याने. मोरधारच्या डॉक्टर गावित लगेच बोलल्या. त्यांचे उबवणी यंत्र तयार होते, पण सड्यावर धुके उतरत होते. या दिवसांत ते कधी कधी दुपारपर्यंत हलत नाही, असे त्या म्हणाल्या.

"मग आपल्याला पट्टी दिसणार कशी?" केतकीने विचारले.

"मास्तर जवळ नेतील. शेवटचं आपल्याला डोळ्यांनी बघायचं. सड्याच्या दोन्ही अंगांना कडा आहे, तेव्हा मास्तरांची पूर्ण खात्री हवी."

"पण मास्तरांना कळतं कसं आपण कुठे आहोत?"

हा प्रश्न नानांना कोणी झोपेत विचारला असता तरी ते उठून बसले असते.

"खुंट्याला शेळी बांधलीय. दावं ताणलेलं आहे. शेळी कुठे असेल?"

"खुंट्याभोवती कुठेही. गोल फिरत."

"दुसऱ्या खुंट्यालाही बांधली, दोन्ही दावी ताठ?"

केतकीने डोळे मिटून शेळी फिरवली. "मग दोनच जागा. दोन गोल जिथे एकमेकांना कापतात तिथे."

"तिसरा खुंटा?"

"एकच जागा! शेळी बिचारी हलायचीच नाही."

"उपग्रह म्हणजे आकाशातले खुंटे. वीस हजार किलोमीटरहून जास्त उंच. प्रत्येक जण सारखा एकच सांगत असतो, मी अमुक जागी आहे आणि आत्ता अमुक वाजलेत. ते ऐकू येईपर्यंत सेकंदाचा एक बारीकसा तुकडा जातो. तो तुकडा गुणिले प्रकाशाचा वेग, की झाली दाव्याची लांबी. आता आपण जमिनीवर नाही, उंचीही काढायची. आणि मास्तरांच्या पोटातलं घड्याळ आहे साधं, ते किती चुकलंय हेही काढायचं. म्हणून निदान चार खुंटे लागतात."

"तुमच्या घड्याळांसारखं मास्तरांना का नाही दिलं?"

"मग टिटवी विकत घ्यायला काही उरलं नसतं. आणि ऐक, घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं ना, की दावं तीनशे मीटर खोटं होतं."

वर आकाशात फिरणाऱ्या त्या खुंट्यांपैकी एक नानांचा लाडका होता. अकरा नंबरचा. त्याच्या घड्याळाचा प्रत्येक स्क्रू नानांनी स्वतःच्या हाताने पिळला होता आणि ते त्याला बाळ्या म्हणत. केतकीची आई नेहमी म्हणायची, "बाळ्या हा नानांचा थोरला. मी धाकटी." आणि नाना कधी नाही म्हणत नसत.

पुढचे डोंगर आले तेव्हा खाली सगळे पांढरे झाले होते. दरी नाही, झाड नाही, सडा नाही. पेटीवरचा दिवा एकदा मिचकला आणि पिवळा झाला. नेमके तेव्हाच मास्तर बोलले.

"खात्री नाही. उपग्रहांचं एकमत नाही."

पडद्यावरची टिटवी क्षणात नदीवर दिसे, क्षणात कड्यावर. नानांनी दांडा हळूच मागे घेतला आणि टिटवी डोंगरांच्या बरीच वर नेली.

"इथे गोल फिरत राहू. मास्तरांची खात्री झाली तर उतरू, नाहीतर परत वाघेरी."

"पण अंडं? परत जाईपर्यंत ते गार होईल, नाना!"

"होईल," नाना म्हणाले. "पण मी तुला घेऊन कड्यावर उतरणार नाही. आता रडू नकोस, विचार कर. मास्तरांना आठ उपग्रह ऐकू येतायत. चार असते तर कोणी चुकतंय हे कळलंही नसतं. पाच झाले की भांडण कळतं. सहा झाले की भांडखोर कोण तेही शोधता येतं. कसं शोधशील?"

केतकीने नाक पुसले. शाळेच्या समूहगानात कोणी बेसूर गात असले की बाई काय करत? एकेकाला गप्प बसवत आणि उरलेल्यांना गायला लावत.

"एकेकाला बाजूला बसवायचं. ज्याच्यावाचून बाकीच्यांचं जमेल तो चुकतोय."

"कर."

"दोन नंबर बाजूला."

"दोन नंबर बाजूला," नाना म्हणाले.

"खात्री नाही," मास्तर म्हणाले. केतकीने दोनला परत घेतले आणि पाचला बसवले. तेच उत्तर. सात, नऊ, चौदा. प्रत्येक वेळी ती म्हणे, नाना परत म्हणत, आणि मास्तर आपले एकच वाक्य धरून बसलेले. वीस आणि तेवीसही झाले. यादीत एकच नाव उरले. त्याच्यापुढे एक बारीक कुलूप होते.

"मास्तर, हे कुलूप कशाला?"

"आज्ञा आहे. अकरा नंबरला कधीही वगळायचं नाही. आज्ञा देणारे, डॉक्टर टिपणीस."

पपईची बाग, डोळे चोळणारे मास्तर, दाराची कडी, सगळे केतकीला एकदम उमगले. मास्तरांनी स्वतःच भांडखोर केव्हाच बाहेर काढला असता. त्यांना काढू दिले नव्हते. आणि नानांना सकाळीच शंका आली होती, फक्त ती खरी ठरायला त्यांना नको होती.

तिला नानांचा राग यायला हवा होता. पण तिने त्यांच्याकडे पाहिले तर ते खालच्या धुक्यात बघत होते, आणि तिला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की राग राहिला बाजूला. पेटीत टक् झाले. खूप हळू.

तिने कुलूप उघडले. बोट बटणावर ठेवले.

"अकरा नंबर बाजूला," ती म्हणाली.

टिटवीने एक अख्खी घिरटी पुरी केली. केतकीने बटण दाबले नाही. रीत म्हणजे रीत, दुसऱ्याने म्हटल्याशिवाय दाबायचे नसते.

"नाना," ती हळूच म्हणाली, "तो खोटं बोलत नाहीये. म्हातारा झालाय फक्त."

नानांनी घसा साफ केला. "अकरा नंबर," ते म्हणाले, आणि मग बऱ्याच वेळाने, "बाजूला."

केतकीने बटण दाबले. पडद्यावरची नाचरी टिटवी थांबली आणि सड्याच्या बरोबर पूर्वेला येऊन स्थिर झाली.

"एकमत आहे," मास्तर म्हणाले. "खात्री आहे."

"आता मी उंची सांगतो," नाना म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता. "ठरलेल्या उंचीला पट्टी दिसली नाही तर सरळ वर. मग हट्ट नाही."

"मग हट्ट नाही," केतकीने परत म्हटले.

टिटवी धुक्यात शिरली. काचेवर पाणी धावू लागले. नाना आकडे म्हणत होते, केतकी बाहेर डोळे लावून बसली होती आणि पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून होती. ठरलेली उंची अगदी जवळ आली तेव्हा खाली काळा कातळ दिसला, मग पिवळे गवत, आणि मग नाकासमोर, जिथे मास्तर म्हणत होते तिथेच, पट्टीचे पांढरे दगड.

"दिसली!" ती ओरडली.

डॉक्टर गावित पट्टीच्या कडेला उभ्याच होत्या. पेटी घेऊन त्या जवळजवळ धावत आत गेल्या, आणि नाना आणि केतकी काचेबाहेर बाकावर बसले. दुपार कलली तेव्हा अंड्याच्या टोकाला भोक पडले, त्यातून एक चोच आली, आणि तिच्यामागून एक ओलेचिंब, टकले, कमालीचे कुरूप पिल्लू बाहेर पडले. केतकीला ते जगात सर्वांत देखणे वाटले.

"मोठं झालं की याच्या पाठीवर एक चिमुकला मास्तर बसवू," डॉक्टर गावित म्हणाल्या. "ते कुठे कुठे उडतं ते उपग्रह आपल्याला सांगतील."

परतीच्या वाटेवर आकाश स्वच्छ होते. मास्तरांनी बातमी दिली, की उपग्रहांच्या नियंत्रण केंद्रानेही घड्याळ बिघडल्यामुळे अकरा नंबरला कामातून मोकळे केले आहे. आणि मग त्यांनी आपल्या नेहमीच्या कोरड्या आवाजात विचारले, "अकरा नंबर यादीतून कायमचा पुसू?"

नाना खिडकीबाहेर बघू लागले. केतकीने मास्तरांची बटणे खालीवर केली, हवे ते सापडले, आणि ती म्हणाली, "अकरा नंबर, ऐकायचा, मोजायचा नाही."

"अकरा नंबर, ऐकायचा, मोजायचा नाही," नाना या वेळी लगेच म्हणाले.

पडद्याच्या कोपऱ्यात बाळ्याची एक राखाडी रेघ उमटली आणि बारीकशी कमीजास्त होऊ लागली.

"त्याच्या जागी आता नवा जाईल," नाना म्हणाले. "त्याचं घड्याळ कोणीतरी करायला हवं. माझे हात आता कापतात."

"माझे नाही कापत," केतकी म्हणाली. नानांनी तिच्याकडे असे पाहिले, की ते तिला त्या दिवसापासूनच स्क्रू पिळायला शिकवणार हे तिला कळून चुकले.

ती राखाडी रेघेकडे बघत होती. "आत्ता काय म्हणतोय तो?"

"वेळ सांगतोय," नाना म्हणाले. "चुकीची."

"सांगू दे की," केतकी म्हणाली, आणि वाघेरीसाठी तिने रेडिओचे बाण न विसरता दाबले.