ग्राउनीचे पुढचे दात

"बघ, पुन्हा हिसका बसला," लोआ म्हणाली.

"हिसका बिसका काही नाही. गाडी वळतेय," ऑर्री म्हणाला. "सकाळपासून तुला सगळ्यातच खोट दिसतेय."

"कारण सकाळपासून मी तुझं तोंड बघतेय."

ईस्टरची सुट्टी लागून तीन दिवस झाले होते आणि वाऱ्यामुळे डोंगरावरची स्कीची लिफ्ट तिन्ही दिवस बंद होती. ऑर्री, लोआ आणि लोआचा धाकटा भाऊ बेस्सी या घरातून त्या घरात नुसते येरझाऱ्या घालत होते. आज वारा थोडा पडला तेव्हा तिघं बंदराजवळच्या फुटबॉल मैदानावर धावत आले होते. मैदानावरच्या दाबलेल्या बर्फात बचाव पथकाची करडी गाडी, ग्राउनी, फेऱ्या मारत होती. तिची नवी चाकं बेस्सीच्या छातीपर्यंत येत. स्टिअरिंगवर होती लोआची आई, गेर्दुर.

हिवाळाभर ग्राउनी पथकाच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी होती. एवढी मोठी चाकं फिरवायला जुने गिअर पुरणार नव्हते. सायकलवर चढ चढताना आपण हलका गिअर टाकतो ना, तसंच. म्हणून ऑर्रीच्या बाबांनी, लाउकीनं, पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलमधले दातेरी गिअर, म्हणजे क्राउन-पिनियन, बदलले होते आणि दोन्हीकडे लॉकही बसवले होते.

"ते लॉक कशाला?" बेस्सीनं विचारलं.

"एक चाक बर्फात घसरायला लागलं की सगळी ताकद त्या घसरणाऱ्यालाच जाते," ऑर्री म्हणाला. "दुसरं नुसतं उभं. लॉक लावलं की दोघं एकदम फिरणार. बटण दाबायचं, झालं."

"म्हणजे लोआ घसरली तरी मी तिला ओढायचं."

"तू आधी चॉकलेट पुसून घे तोंडावरचं," लोआ म्हणाली.

गेर्दुर सरळ येऊन गोलपोस्टजवळ थांबली. चारचाकी जोर काढण्यासाठी तिनं सीटजवळचा दांडा ओढला. तो निघेना. तिनं गाडी वीतभर मागं घेतली, तेव्हा कुठं तो खाडकन सुटला.

"लाउकी, हा दांडा अडकतोय," तिनं खिडकीतून भावाला सांगितलं. "आणि वळताना गाडी आखडते."

"लॉक नवीन आहेत, ताई. आखडणारच," लाउकी म्हणाला. "जरा पळू दे, सैल पडतील."

"पण मी लॉक लावलेच नव्हते."

लाउकी उत्तर देणार, तेवढ्यात पथकाचा प्रमुख फिन्बोगी वायरलेस हातात घेऊन मैदानात आला. वरच्या पठारावरच्या झोपडीत सातजण अडकले होते. बर्फावरच्या स्कूटरवरून गेले आणि मागं नदीवरचा बर्फ फुटला. त्यातल्या एकाचा पाय मुरगळला होता. संध्याकाळी वारा पुन्हा उठणार होता आणि पथकाची दुसरी गाडी दक्षिणेला दुरुस्तीला गेलेली होती.

"जेवून लगेच निघायचं," फिन्बोगी म्हणाला. "ग्राउनी तयार आहे ना?"

"एकदम," लाउकी म्हणाला.

"आणखी थोडी चालवून बघितली असती, तर बरं झालं असतं," गेर्दुर म्हणाली.

"लाउकी म्हणतोय ना तयार आहे? मग झालं तर," फिन्बोगी म्हणाला आणि वायरलेसवर बोलत चालू लागला.

आई त्या नदीत गाडी घालणार होती. लोआला एका जागी उभं राहवेना. ती गाडीभोवती एक फेरी मारून आली, मग दुसरी, आणि मधेच खाली वाकली.

"ऑर्री, इकडं ये. हे ठसे बघ."

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या बर्फावर फक्त पुढच्या चाकांचे ठसे होते, कारण मागची चाकं अजून तिथवर पोचलीच नव्हती. ते ठसे फरफटलेले होते, ओल्या शाईवरून बाही फिरवावी तसे. मागच्या चाकांच्या मागं मात्र टायरची नक्षी साच्यातून काढल्यासारखी उमटली होती.

"वळताना फरफटली असतील," ऑर्री म्हणाला.

"आई इथं सरळ आलीय. आणि लॉक लावलेलं नव्हतं."

"मग पुढचे ब्रेक धरत असतील."

बेस्सीनं हातमोजा काढून पुढच्या चाकाच्या मधोमध तळवा टेकवला. "गारठलंय. ब्रेक धरले असते तर तापलं असतं."

ऑर्री गुडघे टेकून ठशांकडं बघत राहिला. तो बाबांच्या पायांत लुडबुडत वाढला होता. इंजिनाचा जोर वाटून देणाऱ्या मधल्या डब्यातून एक दांडा पुढच्या एक्सलला जातो, एक मागच्या. दोन्ही दांडे एकाच वेगानं फिरतात. मग पुढची चाकं मागं का रेंगाळतील?

"पुढच्या एक्सलमधले दाते वेगळे असतील तर," तो हळूच म्हणाला. मग लगेच उठून गुडघे झटकायला लागला. "नसणार. बाबा असं कसं करेल?"

"विचारू या ना मग."

लाउकी शेडमध्ये दोर गुंडाळत होता. लोआनं सगळं भराभर सांगितलं. तो ऐकताऐकता दोन वेळा हसला.

"मामा, हसू नकोस."

"अगं, मी गाड्या खोलायला लागलो तेव्हा तुझ्या आईचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. चल, सूप गार होतंय. आणि शेडमध्ये खेळू नका, सामान भरायचंय."

मोठी माणसं वरच्या खोलीत मटणाचं सूप प्यायला गेली. आईनं ग्राउनी शेडमध्ये आणून लावली होती आणि चमचे वाजल्याचा आवाज येत होता. तिघं जिन्याखाली उभे राहिले.

"फिन्बोगीला सांगू," बेस्सी म्हणाला.

"तो बाबालाच विचारणार, आणि बाबा पुन्हा हसणार," ऑर्री म्हणाला. "दाखवायला लागेल. डोळ्यांनी दिसेल असं."

"गाडी खोलून?"

"नाही. चारचाकी जोर काढलेला असला की पुढचा दांडा पुढच्या चाकांमुळं फिरतो आणि मागचा मागच्या. चाकं चारी सारखी. मग दाते सारखे असतील तर दोन्ही दांडे बरोबरीनं फिरले पाहिजेत."

"फिरताना खाली कोण झोपणार?" बेस्सीनं विचारलं.

"तुझा मेंदू कुठं झोपलाय?" लोआनं मोबाइल काढला. "हा झोपेल."

किल्ली गेर्दुरच्या खिशात होती, तरी ऑर्रीनं चारी चाकांखाली लाकडी पाचरी सरकवल्या. बाबांचा तो नियम होता, आणि तो मोडून कुणी गाडीखाली गेलं तर बाबा त्याला आठवडाभर शेडमध्ये पाऊल ठेवू देत नसे. मग तो पाठीवर सरपटत आत गेला. बाहेरून बेस्सीनं पिवळी चिकटपट्टी तोडून दिली. एक पट्टी पुढच्या दांड्यावर, एक मागच्या, दोन्ही बरोबर खालच्या बाजूला. लोआनं गाडीखालच्या लोखंडी चौकटीवर मोबाइल असा बांधला की मधल्या डब्याजवळची दोन्ही टोकं एकदम दिसावीत.

"चित्रण चालू केलं का?"

"बॅटरी कमी आहे. आई डिझेल भरायला खाली आली की चालू करते. तू पाचरी काढ."

जिन्यावर बूट वाजले. लोआ खाली वाकून चित्रण चालू करून उठली आणि शेडचं मोठं दार ढकलायला धावली. तिचा चेहरा इतका भोळा झाला होता की गेर्दुरनं थांबून विचारलं, "काय ग, ताप आहे का?"

"नाही, आई. पंपापर्यंत हळू ने हं. बाहेर निसरडं आहे."

ग्राउनी सावकाश शेडमधून निघाली, अंगण ओलांडून डिझेलच्या पंपाशी उभी राहिली. इंजिन बंद झालं. आई किल्ली घेऊन उतरली आणि टाकीचं झाकण उघडायला गेली. "आई, माझा मोबाइल खाली पडलाय," लोआ म्हणाली, आणि हात लांब करून तो ओढून घेतला.

तिघांची डोकी त्या इवल्या पडद्यावर भिडली. दोन पिवळ्या पट्ट्या निघाल्या जोडीनं, एकमेकींच्या हातात हात घालून नाचावं तशा. एक गिरकी झाली. दुसरी झाली. मग पुढची पट्टी मागच्या पट्टीच्या किंचित आधी वर आली. आणखी थोडी आधी. अंगणाच्या मध्यापर्यंत पुढची वर होती तेव्हा मागची खाली होती.

बेस्सीनं तोंडावर हात ठेवला. लोआ आईकडं धावणार होती, पण मोबाइल ऑर्रीच्या हातात होता आणि त्यानं तो घट्ट धरला होता.

"दे ना. निघतील आता ते."

"मी दाखवतो," ऑर्री म्हणाला. "माझा बाबा आहे."

लाउकी मागच्या दारातून घोंगड्या आत टाकत होता. फिन्बोगी सुक्या माशांचं पाकीट आणि थर्मास घेऊन उभा होता.

"बाबा, हे बघ जरा."

"आत्ता नाही रे. परत आल्यावर."

ऑर्री गाडीच्या तोंडाशी गेला आणि पुढच्या बंपरवर बसला. खाली उतर म्हटलं तरी उतरला नाही. फिन्बोगी चिडला. गेर्दुर नळी तशीच ठेवून आली. ऑर्रीनं मोबाइल बाबांसमोर धरून ठेवला होता.

लाउकीनं एकदा बघितलं. हातमोजे काढले आणि पुन्हा बघितलं. या वेळी तो हसला नाही.

"जॅक आण," तो म्हणाला.

पुढचा एक्सल उचलून स्टँडवर टेकवला. लाउकीनं पुढचं लॉक लावलं, चाकावर खडूची रेघ ओढली आणि लोआला चाक बरोबर एक फेरा फिरवायला सांगितलं. तो स्वतः खाली झोपून दांड्याचे फेरे मोजत होता. मग तसंच मागं केलं. वाऱ्यानं शेडचा पत्रा वाजत होता.

"पुढं पाच फेरे आणि पाव," तो गाडीखालूनच म्हणाला. "मागं पाचसुद्धा पुरे होत नाहीत."

"म्हणजे?" फिन्बोगीनं विचारलं.

"म्हणजे पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात. बर्फावर घसरून निभतं. नदीतल्या दगडांवर चारी चाकांना जोर दिला असता तर मधला डबा फुटला असता." लाउकी बाहेर आला, पण उठला नाही. तसाच जमिनीवर बसून राहिला. "फळीवर नव्या गिअरचे दोन डबे होते, दिसायला एकसारखे. ईस्टरच्या आत संपवायचं म्हणून घाई केली. हाताला लागला तो उघडला आणि दाते मोजले नाहीत."

"आणि मी चालवून बघायलाही वेळ दिला नाही," फिन्बोगी म्हणाला. त्यानं लगेच वायरलेस उचलला आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या पथकाला बोलावलं.

त्यांची गाडी आली तेव्हा गेर्दुर तिच्यात बसून गेली, वाट तिला पाठ होती म्हणून. ती दुपार मुलांना संपता संपेना. बेस्सी खिडकीची काच पुसत राहिला, लोआ पायऱ्या चढत-उतरत राहिली. ऑर्री बाबांशी बोलला नाही आणि बाबाही त्याच्याशी बोलला नाही. उजेड असतानाच टेकडीवर गाडीचे दिवे दिसले. सातहीजण सुखरूप होते, पाय मुरगळलेला माणूस सगळ्यांपेक्षा जास्त बोलत होता.

"नदीतून वर येताना दोन्ही लॉक लावूनसुद्धा तीनदा मागं घसरलो," गेर्दुर म्हणाली. तिनं ओले बूट काढले आणि तिन्ही मुलांना एकदम जवळ ओढलं. "ग्राउनी तिथंच मेली असती. आणि आम्ही पाण्याच्या मधोमध."

फिन्बोगी घसा खाकरून म्हणाला, "पथकात अठरा वर्षांखाली घेत नाहीत. हा नियम मीच केलाय, आणि आज पहिल्यांदा मला त्याचा पश्चात्ताप होतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाउकीनं ऑर्रीच्या खोलीचं दार वाजवलं. "पुढचा एक्सल खोलायचाय. येतोस?" बस्स, एवढंच. दोघं दिवसभर शेडमध्ये होते. नव्या दात्यांना रंगाचा लेप लावून ते कुठं टेकतात ते बघायचं, पातळ चकती घालायची, पुन्हा बघायचं. दुपारी लोआ भाकरी घेऊन गेली तेव्हा बाबा-मुलगा दोघं कोपरापर्यंत काळे झाले होते आणि वाद घालत होते. ते ऐकून तिला बरं वाटलं.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी गेर्दुर ग्राउनीत बसली. पठारावर सोडलेल्या स्कूटर आणायच्या होत्या. फिन्बोगीनं हात वर केला, पण तिनं गाडी सोडली नाही. खिडकी खाली करून भावाला विचारलं, "लाउकी, निघू का?"

"मला नको विचारू," लाउकी म्हणाला. "त्याला विचार."

ऑर्रीनं घाई केली नाही. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं, आत्याला मैदानात सरळ आणि मग वळवून चालवायला लावलं. लोआ आणि बेस्सी ठसे बघत मागून पळाले आणि दोघांनी लांबूनच हात हलवले.

"निघ, आत्या," तो म्हणाला.