वासावर

गेणूभाऊ, दारातच बसा. आत येऊ नका, वास येईल.

सोमवारी सकाळी नाशिक रोडहून माझी जुनी मारुती काढली. प्रेसमधून रिटायर झालेला एकटा माणूस मी. चाळीस वर्षं तंबाखू चघळली, आता गाल आतून सडून बाहेर फुटलाय. डॉक्टरांनी महिना दिला. पू गळतो, माझं मलाच उमळून येतं. लिफ्टमध्ये शेजारच्या मोहिनीबाई नाकाला पदर लावायच्या आणि वर ‘काही लागलं तर सांगा’ म्हणायच्या. शिसारी आली होती सगळ्यांची, माझी मलाच जास्त. म्हणून पेठच्या पुढे, तुमच्या शेजारी, आईच्या या रिकाम्या घरी यायचं ठरवलं. मरताना जवळ कुणी नको, एवढंच हवं होतं.

सावळघाटाच्या अलीकडे कमळाबाईंच्या टपरीवर थांबलो. गिळता येत नाही, पण रश्श्याच्या वासानं गाडीतला माझा वास झाकला जाईल म्हणून मटणाचा डबा भरून घेतला. म्हातारी कमळाबाई अगदी जवळ आली, नाक न धरता. माझ्या छातीवर हात ठेवून हळूच म्हणाली, “घाटात वासावर येतं, भाऊ. कोळसा ठेवलाय. काढू नका.”

वाटेत काही मागे लागू नये म्हणून मटणाच्या डब्यात कोळसा आईही ठेवायची. मी मान डोलावून निघालो.

घाटात, भर उन्हात, मागच्या सीटवरून हुंगल्याचा आवाज आला. सावकाश... लांब... भुकेला माणूस चुलीपाशी श्वास घेतो तसा. काचा बंद होत्या. आरशात सीट रिकामी दिसत होती, फक्त मधोमध दबलेली.

गाडी थांबवून डबा उघडला. आत कोळसा नव्हता. म्हातारी विसरली असं वाटून मी तिला शिव्या घातल्या आणि डबा दरीत भिरकावला. “घे... खा...”

हुंगणं थांबलं नाही. ते पुढे सरकलं, माझ्या फुटक्या गालापाशी आलं. घाम पुसायला छातीच्या खिशातला रुमाल ओढला, तेव्हा बोटांना कोळसा लागला. सुपारीएवढा. मटणासाठी तो नव्हताच, गेणूभाऊ.

आज चौथा दिवस. ते अंथरुणाला टेकून बसतं. नाकाला पदर लावत नाही.

कोळसा मी खिशातून काढलेला नाही. तरी आज सकाळी हरभऱ्याएवढाच उरला होता. तुमच्या चुलीतला एखादा आणा. दारातूनच टाका.