एकशे चार ठोके

प्रशिक आला होता चुलत बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. चपला काढून बसला, पाणी प्यायला, आणि पाचव्या मिनिटाला माझ्या दिवाणावर आडवा झाला होता – छातीत दुखत असलेला चोपन्न वर्षांचा इंग्रज म्हणून.

त्याला आडवं केलं ते चेतनानं. ती माझ्या रायपूरच्या शंकर नगरातल्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. भिलाईची पोरगी, वडील तिथल्या स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले. इथल्या एका खासगी दवाखान्यात सहा वर्षं नर्सिंग करून तिनं इंग्लंडमधली नोकरी मिळवली होती. तिथे पोचल्यावर एक प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची होती – खोटा रुग्ण, खरं नर्सिंग. हात धुवायचे, आपलं नाव सांगायचं, तुम्हाला काय म्हणून हाक मारू असं विचारायचं, परवानगीशिवाय अंगाला हात लावायचा नाही. सगळं इंग्रजीत, आणि वेळेत.

आधी रुग्ण मीच व्हायचे. पण मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. पडल्या पडल्या तिची चादर सारखी करायला सांगायचे. शेवटी ती वैतागली, म्हणाली, "तुम्ही पेशंट नाही मावशी, मेट्रन आहा." म्हणून मी खुर्चीत बसले. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात परीक्षेची यादी. आणि दिवाण रिकामा होता… तेवढ्यात प्रशिक आला.

तो माझ्या भीमाबाईचा मुलगा. भीमाबाई आणि मी एकाच वॉर्डात म्हाताऱ्या झालो. प्रशिक नवा रायपूरच्या एका ऑफिसात नकाशे करतो, राहतो तेलीबांध्याला. एकतीस वर्षांचा, सरळ, जरा अबोल. निदान मला तसंच वाटत होतं.

चेतनानं त्याला रुग्णाची माहिती लिहिलेलं कार्ड दिलं. त्यानं ते वाचलं आणि परत केलं.

"ये मरीज शादीशुदा है," तो म्हणाला.

"हो. बायकोचं नाव मार्गारेट."

"गलत लिखा है. इसकी शादी नहीं हुई."

"चोपन्न वर्षांचा आहे तो."

"हां, तो… किसी ने पूछा नहीं होगा."

चेतना खाली मान घालून हात धुवायचं नाटक करत राहिली. हवेत, साबणाशिवाय, नियमापेक्षा बराच वेळ. मी यादीवर खूण केली आणि काही पाहिलं नाही असं दाखवलं.

मग तो येतच राहिला. ऑफिस सुटलं की संध्याकाळी, रविवारी दुपारी. कधी त्याला दमा असायचा, कधी पाय मोडलेला, एकदा तर बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, कारण त्या दिवशी दुसरं कार्ड सापडेना. येताना गुपचुप, म्हणजे इथली पाणीपुरी, बांधून आणायचा आणि दवाखान्याचं पथ्याचं जेवण आहे म्हणून चेतनाच्या हातात द्यायचा. पाणी वेगळं, पुऱ्या वेगळ्या. चेतना हात लावण्याआधी तळवे एकमेकांवर चोळून गरम करायची. हे यादीत नव्हतं. तो मनगटावरचं घड्याळ आधीच काढून ठेवायचा – हेही कुणी सांगितलं नव्हतं.

मला मात्र काही उमगत नव्हतं. ती इंग्रजीत विचारायची, झोप लागते का? तो म्हणायचा, नाही. घरी तुमची काळजी करणारं कुणी आहे का? तो म्हणायचा, अभी तक तो नहीं. आता हे कार्डावरचा रुग्ण बोलतोय की भीमाबाईचा पोट्टा? चेतनालाही कळत नसावं. एकदा तो गेल्यावर ती कितीतरी वेळ पडद्याची दोरी सोडत बसली होती. पडदा म्हणजे दवाखान्यातल्यासारखी दिवाणाभोवती बांधलेली माझी जुनी सुती साडी.

तिच्या खोलीत कपाटाच्या दारावर जगाचा नकाशा होता. इंग्लंड ही नुसती सुरुवात होती. दोन वर्षं तिथे, मग सहा-सहा महिन्यांचे करार – न्यूझीलंड, कॅनडा, जिथे नर्स हवी असेल तिथे. काम करायचं आणि जग पाहायचं. भिलाईत तिच्या वडिलांनी, मारोतीरावांनी, मोठ्या कष्टानं या गोष्टीला हो म्हटलं होतं. लग्नाचं काय, असं विचारलं की ती म्हणायची, नकाशा संपला की बघू.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नाडी मोजायची होती. हल्ली बोटाला चिमटा लावला की यंत्रावर आकडा येतो. पण परीक्षेत हातानं, पूर्ण एक मिनिट. मी घड्याळ पाहून सुरू म्हटलं. कूलरचा आवाज चालू होता. तिनं त्याचं मनगट धरलं, तो छताकडे पाहत होता, ती त्याच्या बोटांकडे. साठ सेकंद झाले तेव्हा मी वर पाहिलं. पाहिलं ते मला खटकलं, पण परीक्षक मधे बोलत नाही. तिनं आकडा लिहिला – एकशे चार. आणि वर निघून गेली.

प्रशिक उठून बसला. "मैं फेल हो गया क्या, मावशी?"

"नापास होईन तर ती होईन. तू नुसता पडला होता," मी म्हटलं.

त्यानंतर दोन दिवस चेतना खाली आली नाही. बुधवारी आली, ती मोबाइल पुढे धरून. एजन्सीचं पत्र होतं. बारा मेला रुजू व्हायचं, शुक्रवार संध्याकाळपर्यंत होकार कळवा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला.

"मंग कळव ना," मी म्हटलं.

ती माझ्या पायाशी बसली. "मावशी, एकशे चार होते त्याचे ठोके. आजारी नाही, धावत आला नाही, नुसता पडून होता. तोंडानं बोलत नाही, पण… मी आता कशी जाऊ? मी नाही म्हणून कळवून राहिली."

मला तेव्हा लख्ख आठवलं, त्या दिवशी काय खटकलं होतं. तिनं त्याची नाडी अंगठ्यानं दाबली होती. पहिल्या वर्षाच्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगतात – नाडी बोटांनी बघ, अंगठ्यानं नको, अंगठ्यात स्वतःचीच नाडी लागते. सहा वर्षं काम केलेली सिस्टर, आणि ती संपूर्ण मिनिटभर स्वतःचेच ठोके मोजत बसली होती.

सांगावं का? सांगितलं तर तिचा भ्रम तुटेल. नाही सांगितलं तर इंग्लंड हातचं जाईल.

मी एकदा असं जाऊ दिलं आहे. तरुणपणी मी मस्कतच्या एका दवाखान्यात होते. तिथून पुढे लंडनला जायचं ठरत आलं होतं. आमच्या ह्यांची पत्रं यायची, निळी, पातळ. तीन-तीन एकदम, उलटसुलट. ताप उतरल्याचं पत्र आधी, ताप आल्याचं नंतर. असंच एक पत्र वाचून मी ठरवलं की ह्यांना माझ्याशिवाय राहवत नाही, आणि करार अर्ध्यात टाकून आले. स्टेशनवर हे मला बघून चकित. आदल्याच आठवड्यात त्यांनी लिहिलं होतं, लंडनला जा, मी थांबतो. ते पत्र मस्कतला पोचलं तेव्हा मी रायपुरात होते. संसार चांगला झाला. माणूसही चांगला होता. पण लंडन राहिलं ते राहिलंच.

गुरुवारी प्रशिक आला. चेतना ड्यूटीवर होती. मी त्याला बसवलं, हात बघू म्हटलं, आणि तीन बोटांनी पूर्ण मिनिट मोजले. अडुसष्ट. चेतनाचं नाव काढलं, पुन्हा मोजले. सत्तर.

आता काय समजायचं? माझा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

संध्याकाळी मी चेतनाला सगळं सांगितलं. अंगठ्याचं, अडुसष्टचं, सगळं. ती आधी हसली. मग स्वतःचा अंगठा उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे ते माझे…" ती म्हणाली.

"हव."

"आन् त्याचं काय?"

"ते मले नाही माहीत, पोरी. ते त्याले विचार. पण जे काही ठरवशीन ते खऱ्या आकड्यावर ठरव."

शुक्रवारी दुपारी प्रशिक अर्धी सुट्टी टाकून आला, मीच बोलावलं होतं. नेहमीच्या सवयीनं तो दिवाणावर पडायला लागला, तर चेतना म्हणाली, बसूनच राहा, आज कार्ड नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले. पण घर लहान आहे, आणि माझे कान अजून चांगले आहेत.

तिनं त्याला एजन्सीचं पत्र वाचायला दिलं. मग स्वतःच्या अंगठ्याची चूक सांगितली. सरळ, काही न लपवता. एकशे चार माझे होते, म्हणाली. तुमचे अडुसष्ट. मावशीनं काल मोजले.

मोबाइल खाली ठेवल्याचा आवाज आला.

"वो अडसठ के लिए मेहनत लगती है," प्रशिक म्हणाला.

"कशाची मेहनत?"

"यहां आने से पहले तालाब पे बैठता हूं. आधा घंटा. सांस धीरे-धीरे… वीडियो देखके सीखा. पहले दिन से डर था, ये लोग नर्स हैं, हाथ पकड़ते ही समझ जाएंगी."

तेलीबांध्याच्या तलावाकाठी, चैत्राच्या उन्हात, हा माणूस रोज हृदय शांत करत बसत होता. मी गॅस बंद केला. चहा तसाही उतू गेला होता.

"येडे आहा का तुम्ही?" चेतनाचा आवाज भिजला होता. "तोंडानं बोलायचं ना."

"बोललो असतो तर तू थांबली असती." हे त्यानं मराठीत म्हटलं. जपून, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. मराठी त्याला घरात ऐकायची सवय, बोलायची नाही.

"मंग आता? आता तर बोललात. आता मी नाही जात."

"जा."

"काहून?"

"मी पासपोर्टचा अर्ज टाकला. तीन हफ्ते झाले. पुलिसवाला घरी येऊन गेला. आईला सांगितलं, ऑफिसचं काम आहे." तो थांबला. "मैंने आज तक विशाखापट्टनम के आगे कुछ नहीं देखा. सबके नक्शे बनाता हूं. तू जिथं नोकरी करशील, मी सुट्टीत तिथं येईन. न्यूझीलंड, कॅनडा… तू नाही गेली तर मी कुठं जाऊ?"

मी दाराशी आले तेव्हा चेतना मोबाइलवर होकार लिहीत होती. एका हातानं. दुसरा त्याच्याकडे होता.

"लग्नाचं काय समजू मी?" मी विचारलं, कारण कुणीतरी विचारायला हवं होतं.

तो म्हणाला, हिची पहिली सुट्टी. ती म्हणाली, दोन वर्षांनी. दोघं एकाच वेळी बोलले आणि एकमेकांकडे बघत राहिले. मग ती म्हणाली, बरं, पहिली सुट्टी… आणि तो म्हणाला, नाही, दोन वर्षं चालतील. माझं डोकं गरगरायला लागलं. मी चहा पुन्हा ठेवला.

मे महिन्यात आम्ही तिला विमानतळावर सोडायला गेलो. मारोतीराव भिलाईहून आले होते, सारखा चष्मा पुसत होते. भीमाबाई माझ्याबरोबर आली होती. माझ्या भाडेकरणीला निरोप द्यायला, एवढंच तिला माहीत. प्रशिक बॅगा ढकलत होता आणि आईकडे बघणं टाळत होता.

दारापाशी चेतनानं सगळ्यांना जय भीम केला. वडिलांना मिठी मारली. प्रशिकची नुसती कॉलर नीट केली, बस. दोन पावलं आत गेली, परत फिरली, आणि भीमाबाईच्या पायाला हात लावून म्हणाली, "येते, आई."

मग काचेपलीकडे गेली.

भीमाबाई तिथेच उभी. एकदा प्रशिककडे बघे, एकदा माझ्याकडे. प्रशिक जमिनीकडे.

"बाप्पा, तिनं मले आई म्हटलं," ती म्हणाली. "आन् गेली बी. आता मी काय करू?"

"तू बी पासपोर्ट काढ," मी म्हटलं.

भीमाबाईनं पदरानं डोळे पुसले, काचेतून दिसणाऱ्या रांगेकडे जरा वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "हव."