वीस रेझर आणि एक रविवार

"वीस रेझर द्या," ती म्हणाली, आणि औषधवाला बाटलीला झाकण लावायचं विसरला.

दुपारची वेळ, दुकानात चिटपाखरू नव्हतं. रस्त्यापलीकडच्या तरणतलावातून ती थेट आली होती... केस ओले, अंगाला क्लोरीनचा वास, बाह्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या. हातांवर चांगली दाट काळी लव होती. त्याची नजर तिथे गेली. तिनं ती पकडली आणि झटकन बाह्या खाली ओढल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वीस?" तो म्हणाला. "भाऊ किती आहेत तुम्हाला?"

"एकही नाही. आम्ही वीस जण शर्यतीत पोहतो. शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळे मिळून अंगावरचे केस काढतो. त्याआधी तीन महिने कुणी रेझरला शिवायचं नाही. मावशीचा नियम. मावशी म्हणजे आमची कोच, आणि माझी सख्खी मावशी. शर्यतीला महिना आहे, पण ती आत्तापासून रेझर कुलपात ठेवते."

"आणि त्यानं वेग वाढतो?"

"अर्धा सेकंद. मावशी म्हणते."

"तसं असतं तर टकली माणसं बसच्या पुढे धावली असती."

तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. हा अर्धा सेकंद तिच्यासाठी थट्टेचा विषय नव्हता. ती ब्रेस्टस्ट्रोक पोहायची, बेडकासारखे पाय मारत. म्हणून तलावावर तिचं नाव बेडकी. राज्याच्या संघात निवड व्हायला जी वेळ लागायची, ती गेली दोन वर्षं चार दशांश सेकंदांनी तिच्या हातून निसटत होती.

"थट्टा नको," ती म्हणाली. "तीन महिने वाढवलेले केस एकदम गेले ना, की पाणी कातडीला असं लागतं... जणू नवीन अंग घालून आलोय. रोज काढले तर सवय होते, मग काही वाटत नाही."

"तुम्ही सांगताय म्हणून ऐकतो," तो म्हणाला, आणि वीसच्या जागी एकोणीस मोजले.

विसावा घ्यायला दुसऱ्या दिवशी यावं लागलं. मग तिचा कान दुखायला लागला.

"आज कुठला कान?"

"डावा."

"काल डावाच होता."

"मग उजवा म्हणा."

पुढच्या दोन आठवड्यांत तिनं कानाचे जितके थेंब नेले, तितक्यांत अख्ख्या कुटुंबाचा बहिरेपणा गेला असता. आणि एका दुपारी पिशवी देताना तो म्हणाला, "रविवारी बागेत याल... येशील?" ती "हो" म्हणून मोकळी झाली आणि स्वतःच चकित झाली.

रविवारी ऊन मी म्हणत होतं. तिच्याकडे बरा म्हणावा असा एकच झगा होता, बिनबाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंतचा. तो घालून ती आरशापुढे उभी राहिली. अस्वल, दुसरं काय. तिनं बाबांचा रेझर उचलला. दोन हात, दोन पाय... अर्ध्या तासात सगळं साफ. रेझर धुवायला नळ सोडला, तेव्हा कुठे तिला शर्यत आठवली. शर्यतीला बारा दिवस होते.

बागेत तो बाकावर बसला होता, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात. त्याचे हात सोललेल्या बटाट्यासारखे गुळगुळीत, वर दोन चिकटपट्ट्या.

दोघं एकमेकांच्या हातांकडे आ वासून बघत राहिले.

"हे काय केलंस तू?" दोघं एकदमच म्हणाले.

"तुझं खरं आहे का बघायचं होतं," तो म्हणाला. "काल तलावात उतरलो. पाणी खरंच लागतं गं हातांना. वेग वाढला का ते माहीत नाही... मला पोहताच येत नाही." मग त्याचा चेहरा बदलला. "पण तू का? शर्यतीला अजून..."

"तू बघशील म्हणून."

"मी पहिल्याच दिवशी बघितले होते," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले, पुढचं तो बाकाशी बोलला. "त्या दिवसापासूनच तर..."

तिला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

सोमवारी ती टॉवेल गुंडाळून काठावर आली. पण टॉवेल काही पाण्यात नेता येत नाही. मावशीच्या तोंडातली शिट्टी गळून पडली. एकोणीस डोकी पाण्याबाहेर आली.

"कोण आहे तो?" मावशीनं विचारलं.

"कोण कुठे... कुणी नाही."

"तीन महिन्यांचं पीक एका रविवारी कापलंस, आणि कुणी नाही? केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, बेडके." मावशीचा आवाज चढला नाही, त्याचीच तिला जास्त भीती वाटली. "उतर पाण्यात."

शर्यतीच्या आदल्या दिवशी एकोणीस जण फेस लावून खिदळत बसले. तिनंही पुन्हा रेझर फिरवला, पण नवीन अंग काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती जीव तोडून पोहली. भिंतीला हात लावला, वर फळ्याकडे बघितलं आणि तिला खरंच वाटेना. निवड आठ शतांश सेकंदांनी हुकली होती. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

कठड्यापाशी औषधवाला उभा होता. तोंड पार उतरलेलं. "माझ्यामुळे," तो म्हणाला. "त्या केसांमुळेच ना?"

"ते कोण सांगणार?" मागून आलेली मावशी म्हणाली. "एकच शर्यत दोनदा पोहता येत नाही." ती भाचीकडे वळली. "मला एवढंच सांग. तो रविवार परत आला तर काय करशील?"

माफी मागायला म्हणून तिनं तोंड उघडलं.

"जाईन," ती म्हणाली. "पण अशीच्या अशी. रेझरला हात न लावता."

मावशीची नजर त्याच्या हातांवर, त्या खुरट्या केसांवर गेली. "आणि ह्या शहाण्याला कुणी भादरलं?"

पुढच्या वर्षी, शर्यतीला महिना असताना, ती भर दुपारी दुकानात शिरली आणि दोन्ही हात काउंटरवर ठेवले.

"किती?" त्यानं विचारलं.

"एकवीस."

"एक जास्त?"

"तुझा. मावशी म्हणाली, त्यालाही आण. निदान तरंगायला तरी शिकेल."

"आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे... हे सांगितलंस का तिला?"

"तेच आधी सांगितलं. माझंही सांगितलं."

खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या एक आजीबाई खोकायचं विसरून तिच्या हातांकडे बघत होत्या. तिनं बाह्या खाली ओढल्या नाहीत. ओढायला बाह्याच नव्हत्या.