लताबाईचे अंगठे

उखर्डू आबा रसवंतीवरून बर्फाचा खडा घेऊन निघाला, तेव्हा धुळ्यात असं ऊन पडलेलं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. बायको शेवंताबाई वावरात ऊन लागून पडली, म्हणून दोंडाईच्याहून तिला मोठ्या दवाखान्यात आणलेली. ताप उतरला तर जगेल, बर्फ ठेवत राहा, एवढं सांगून डॉक्टर गेला. बर्फ आणायला माणूस नाही. स्ट्रेचर ढकलायलाही नव्हता. आबानंच ढकललं, आणि सगळ्यांना शिव्या घालत ढकललं.

वॉर्डात आला तर लाइट गेलेली, पंखे बंद. भर दुपारी आत अंधारल्यासारखं. फरशी नुकतीच पुसल्यासारखी ओली, आणि फिनाइलचा वास घशात बसणारा. शेवंताच्या पायावरची चादर त्यानं सरकवली आणि जागीच थिजला.

तिचे दोन्ही अंगठे पांढऱ्या पट्टीनं एकत्र बांधलेले. मढ्याचे बांधतात तसे.

छाती तर हलत होती. धापा टाकत होती बाई.

"कोनी बांधात?" आबा कडाडला. "जित्ती शे ती! डोया फुटनात का तुम्हना?"

भाविका सिस्टर धावत आली. पट्टी बघून तिचा चेहरा उतरला.

"आबा, हळू बोला... ही गाठ लताबाईची आहे. आमची आया. माणूस गेलं की पाय फाकून ताठू नयेत म्हणून अंगठे तीच बांधायची."

"बोलाव तिले!"

"ती चैत्रात गेली... इथंच. फरशी पुसता पुसता पडली."

"मंग तिना कोनी बांधात?"

सिस्टर खाली बघायला लागली. "उचलायचं, बांधायचं काम तिचंच होतं ना, आबा. जो तो म्हणाला, माझं काम नाही. पाय तसेच ताठले. आता ती ज्याचे बांधते, तो दिवस मावळेपर्यंत..."

"आनि तू काय म्हनी?"

सिस्टरनं नुसतं बोट केलं, खाटेपलीकडच्या ओल्या फरशीकडे, जिथं लताबाई पडली होती.

आबाचं डोकं तडकलं, पण भुतावर नाही. बाईनं जन्मभर परक्यांचं हगणं-मुतणं काढलं, मढी सरळ केली, आणि तिची वेळ आली तेव्हा या धुतल्या हातांना घाण लागत होती! त्यानं शेवंताची गाठ सोडली, कपाळावर बर्फ धरला. वळून बघतो तर गाठ पुन्हा बसलेली.

आता मात्र त्यानं बर्फ खाली ठेवला. त्यानं परत पट्टी सोडली, सिस्टरनं दाखवली त्या जागी उकिडवा बसला आणि पट्टी पुढं धरली.

"लताबाई... मी तुले वयखत नही. पन पाय इकडे कर, माय."

फरशीवर काही दिसत नव्हतं. तरी पट्टीत काहीतरी आलं. थंडगार, भेगाळलेलं, पाण्यात राहून राहून पांढरं पडल्यासारखं. आबानं डोळे मिटले आणि घट्ट गाठ मारली.

मागं खाट करकरली. शेवंताबाई उठून बसलेली. कपाळाला घाम सुटलेला, ताप उतरलेला. आबाचा जीव भांड्यात पडला.

"कशी शे व?"

ती त्याच्याकडे बघतही नव्हती. खाली उतरली, पदर बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि उकिडवी बसून, सराईत हातानं, मागं मागं सरकत फरशी पुसायला लागली.

"शेवंता... ऊठ ना..."

"थांबा हो," ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "अजून आख्खा वार्ड पुसाना शे..."