खिचडी बावडीचा अहवाल

"हे मी लिहिलंच नाही!" प्रणोती एवढ्या जोरात किंचाळली, की सुमेधच्या काडीवरची कुल्फी थेट त्याच्या चपलेवर पडली.

घमापुरच्या पर्यावरण शिबिराच्या फळ्यावर अहवाल डकवला होता. 'बेबीमावशींच्या रोपवाटिकेमागची बावडी. पाणी: शून्य. शिफारस: बुजवावी. पाहणी: प्रणोती, सुमेध, दीपा.'

"पाहणी? आपण तर त्या विहिरीची एक पायरीसुद्धा उतरलो नाही!" दीपा म्हणाली.

"आणि मावशी सकाळी तिथूनच बादल्या भरून राहिल्या होत्या," सुमेध म्हणाला. "शून्य काहून?"

प्रणोतीला शिबिर घेणाऱ्या देवदत्त सरांचा पहिल्या दिवसापासून संशय होता. आठवडा झाला, सर पंख्याखालून हलले नव्हते. टॅबवरच्या एआयला प्रश्न टाकायचा, येईल ते छापायचं, की झालं पर्यावरण! शनिवारी नगर निगमच्या, म्हणजे पालिकेच्या, विनता मॅडम अहवाल न्यायला येणार. मग बावडीत मलबा पडणार, मावशींची चारशे रोपं भर वैशाखात वाळणार. आणि तेही मुलांच्या नावावर!

"सर, हे खोटं आहे," तिने तोंडावर सांगितलं.

"अगं, एआय कधी चुकतं का? उरलेल्या बावड्यांची यादी तेवढी आण. बाकी मी बघतो."

यादी? प्रणोतीचे डोळे बारीक झाले. दाराशी सुमेधची मांजर, खिचडी, पंजा चाटत बसली होती.

"एक नाव जास्तीचं घालू," ती कुजबुजली. "सर बघतात की नुसतं छापतात, कळेलच!"

शनिवारी सभागृह गच्च भरलं. सर ऐटीत वाचू लागले. "पाचवी, खिचडी बावडी! एका राणीने बांधलेली. पायऱ्या बेचाळीस. दुष्काळात इथे खिचडी वाटत, म्हणून हे नाव. पाणी: शून्य. शिफारस: बुजवावी!"

"सर, हिला बुजवू नका हो!" प्रणोतीने थैलीतून मांजर काढली आणि सरळ टेबलावर ठेवली. "ही खिचडी. पायऱ्या नाहीत, पाय आहेत. चारच!"

"म्याँव!" खिचडीनेही साक्ष दिली.

सभागृह खदखदलं. विनता मॅडम मात्र हसल्या नाहीत. "देवदत्तजी, एक भी बावडी आप खुद देखने गए थे?"

सर घाईघाईने टॅबवर उत्तर शोधू लागले.

"चलो, दोर आणा!" मॅडम उठल्या.

मावशींच्या बावडीवर सगळी वरात पोचली. दगड बांधून दोर सरांनाच सोडायला लावला. वर आला तेव्हा नऊ हात ओला होता!

"शाबास रे पोरांनो! माझी रोपं वाचली," मावशींनी तिघांनाही कवटाळलं.

मॅडमनी तो अहवाल टराटरा फाडला. "नवा अहवाल हीच मुलं लिहितील. दोर टाकून!"

संध्याकाळी सरांनी खालमानेने कौतुकाची प्रमाणपत्रं वाटली. प्रणोतीने आपलं दोनदा वाचलं. वर ठसठशीत छापलं होतं, 'कुमारी प्रणाली'.

"सर," ती म्हणाली, "हे कोणी लिहिलं?"

सरांनी निमूट खिशातून पेन काढलं.